फ्रूटकेकचं सामान: गणपतीपासून नाताळापर्यंतची कोल्हापुरी तयारी

पहिला फ्रूटकेक करायला घेतला तेव्हा मी दुकानात जाऊन "केकचं सामान द्या" एवढंच म्हटलं होतं. दुकानदारानं एक पुडा पुढं सरकवला. त्यात लाल, हिरवे, पिवळे चौकोनी तुकडे, दहा-बारा लालभडक चेऱ्या आणि तळाशी मूठभर बेदाणे. केक झाला, कापला. आतून फिकट, जागोजागी हिरवट डाग, सगळी फळं तळाला जाऊन बसलेली आणि चव नुसत्या साखरेची. घरच्यांनी संपवला, कारण आमच्याकडं अन्न टाकत नाहीत. नंतर कळलं की पुड्यातले तिन्ही रंगांचे तुकडे म्हणजे एकच फळ होतं, कच्ची पपई. आणि चेऱ्या म्हणजे पाकात घालून रंगवलेली करवंदं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. केकमध्ये पडणारा जिन्नस मुळात काय आहे आणि कुठून येतो, हे कळल्याशिवाय तो पिशवीत टाकायचा नाही. फ्रूटकेकला हे जास्त लागू पडतं, कारण तो केकपेक्षा लोणच्या-मुरांब्याच्या जवळचा पदार्थ आहे. वजनानं बघितलं तर निम्म्याच्या आसपास वाळवलेली आणि पाकवलेली फळं नि सुकामेवा. मैदा, लोणी, अंडी ही फक्त त्यांना धरून ठेवायला. लोणच्याला कैरी कुठली हे आपण चार वेळा विचारतो. इथं मात्र "मिक्स फ्रूट" वाचून गप्प बसतो.

या केकचं मूळ सामान बोटीनं गोळा झालेलं आहे. १९२७ साली ब्रिटनच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डानं राजाच्या आचाऱ्याकडून ख्रिसमस पुडिंगची पाककृती घेऊन तिचा प्रचार केला. पुडिंग म्हणजे फ्रूटकेकचा उकडीचा भाऊ. त्यातला एकेक जिन्नस साम्राज्यातल्या एकेका मुलखाचा होता: लवंग झांजिबारची, रम जमैकाची, असं. कोल्हापुरात राहणाऱ्याला एवढं फिरावं लागत नाही. तासगाव, चंदगड, घाटाखालचं कोकण आणि आपलीच गुऱ्हाळं मिळून बरंच काम होतं. अडचण फक्त नावांची असते.

आधी नावांचा घोळ मिटवू

प्लम केकमध्ये प्लम नसतो. जुन्या इंग्रजीत वाळवलेल्या द्राक्षालाच प्लम म्हणायचे, ते नाव केकला चिकटून राहिलं. आलुबुखार शोधत फिरू नका.

पाककृतीत तीन तऱ्हेची वाळकी द्राक्षं दिसतील. सुलताना म्हणजे फिकट रंगाचा, बिनबियांचा बेदाणा; तो तुर्कस्तानात इझमीरच्या बंदरातून युरोपात जायचा. रेझिन म्हणजे मोठी, काळपट मनुका. आणि करंट म्हणजे अगदी बारीक, काळी, आंबूस द्राक्षं. हे नाव ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून पडलं. हल्ली ब्लॅक करंट नावाचं एक निराळं झुडपी फळ सरबतात आणि आइस्क्रीममध्ये भेटतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दुकानात या नावानं काहीही हातात पडू शकतं, म्हणून "काळे बेदाणे, बारीक, बिनबियांचे" असंच मागा.

आपल्या शब्दांत मात्र सगळं आधीच सांगून ठेवलेलं आहे. बेदाणा हा फारसी शब्द, बे-दाणा, म्हणजे बी नसलेला. मनुका बहुधा बियांची. केकला बेदाणा बरा. मनुका घेतली तर एकेक चिरून बी काढत बसावं लागतं, आणि एखादी राहिलीच तर ती नेमकी पाहुण्यांच्या दाताखाली येते.

गणपतीच्या सुमारास: साली

जुन्या पाककृतींत "मिक्स्ड पील" असतं, म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेल्या लिंबूवर्गी साली. बाजारात या नावाखाली मिळतं ते पुष्कळदा पपईच असतं, वर संत्र्याचा इसेन्स. केकची अर्धी चव या सालींत असते, त्यामुळं हे काम घरीच करा. नाताळाला अजून तीन-चार महिने आहेत, हाच मुद्दा.

या सालींत मानाची साल कुठली, तर इंग्रजीत जिला सिट्रॉन म्हणतात ती. मी बरीच वर्षं हे काहीतरी परदेशी फळ असेल म्हणून सोडून देत होते. एकदा ओळखीच्या काकूंनी विचारलं, "अंबाबाईच्या हातात काय असतंय?" आपण कोल्हापूरकर रोज हात जोडतो, पण नीट बघतो कुठं? महालक्ष्मीच्या मूर्तीच्या वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र आणि खालच्या उजव्या हातात म्हाळुंग. ते म्हाळुंग म्हणजेच सिट्रॉन.

हे फळ मूळचं हिमालयाच्या पायथ्याकडचं, ईशान्य भारताच्या बाजूचं. तिथून ते इराणात गेलं आणि लिंबूवर्गातलं भूमध्य समुद्राकाठी पोचलेलं पहिलं फळ ठरलं. ग्रीकांना ते इराणकडून मिळालं, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही मीडिया या जुन्या इराणी प्रांताचं नाव आहे: सिट्रस मेडिका. ज्यू लोक सुक्कोतच्या सणात हेच फळ हातात धरतात. पुढं इटलीत आणि कॉर्सिकात त्याच्या साली पाकवायचा धंदा उभा राहिला आणि तिथून त्या इंग्रजांच्या केकमध्ये आल्या. देवीच्या हातातलं फळ जगाला वळसा घालून "मिक्स्ड पील" नावानं आपल्याकडं परत आलं, आणि आपण ते दुकानातून पपईच्या रूपात विकत घेतो.

म्हाळुंगात गर नावालाच. सालीखालचा पांढरा थर अंगठ्याएवढा जाड असतो, कडूही फारसा नसतो, आणि पाकवायला तोच हवा. मंडईत रोज मिळत नाही. कुणाच्या परसात, शेताच्या बांधावर किंवा कोकणात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं विचारून ठेवा. नाहीच मिळालं तर ईडलिंबू घ्या, किंवा पपनस. पपनस गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसतं आणि त्याचाही पांढरा थर चांगला जाड असतो, फक्त कडवटपणा जास्त. संत्र्याचं मात्र उलटं आहे. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी. पाकवली की चामट होते. संत्र्याची फक्त वरची केशरी साल ताजी किसून शेवटी पिठात घालायची.

साल पाकवायची अशी. फळाच्या चार फाका करून गर काढून घ्या, तो लोणच्याला वापरता येतो. साली मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ, आणि मध्ये एकदा पाणी बदला. मग साध्या पाण्यात उकळा आणि ते पाणी टाकून द्या. म्हाळुंगाला एकदा उकळणं पुरतं, पपनसाला तीनदा. काडी सहज आत गेली पाहिजे. साल कच्ची असताना साखरेत गेली तर ती पुन्हा कधीच शिजत नाही, ही माझी दोन वर्षांची फी भरून शिकलेली गोष्ट. आता साली तोला, तेवढीच साखर घ्या, साखरेच्या निम्मं पाणी. दहा मिनिटं मंद उकळा, झाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं. असं चार-पाच दिवस, पाक मधासारखा होऊन साल काचेसारखी आरपार दिसायला लागेपर्यंत.

एका दिवसात का नाही? दाट पाकात साल एकदम टाकली तर तिच्यातलं पाणी झपाट्यानं बाहेर येतं, साखर तेवढ्या वेगानं आत जात नाही, आणि साल आक्रसून दगड होते. मोरावळा केलेल्यांना हे सांगायला नको. साली पाकासकट बरणीत भरून ठेवा. त्या नाताळापर्यंत मजेत राहतात.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत: बेदाणे आणि बाकी वाळकी फळं

कोल्हापूरहून तासगाव ७०-एक किलोमीटर. देशातल्या बेदाण्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक तिथं आहे आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. एवढ्या जवळचा माल असताना चकचकीत पाकिटातला परदेशी सुलताना घेणं मला पटत नाही. पटत नाही याला आणखी एक कारण आहे: दोन्ही एकच आहेत. तासगावच्या बेदाण्याची द्राक्षं मुख्यत्वे थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातूनच निवडून काढलेल्या तास-ए-गणेशसारख्या जातींची. आणि थॉम्पसन हे कॅलिफोर्नियात मिळालेलं नाव आहे. जात मुळात तीच जुनी सुलताना.

बेदाणा कसा होतो हे माहीत असलं की विकत घेताना फसायला होत नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो, तो आतलं पाणी सोडू देत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि शेतकरी ज्याला डिपिंग ऑइल म्हणतात त्या इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवून काढतात. मग शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर, सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. पंधरा दिवसांच्या आत-बाहेर काम होतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. सावलीत वाळला की हिरवट राहतो. सोनेरी पिवळा हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. हा सगळा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलचा. दिवाळीत आपण घेतो तो माल शीतगृहातून आलेला असतो, त्यात वाईट काही नाही.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, बेदाणे कोमट पाण्यातून दोनदा धुवा, म्हणजे वरचं तेल आणि धूळ जाते, आणि फडक्यावर रात्रभर कोरडे करा. दोन, केकसाठी पिवळ्याधमक रंगाला जास्त पैसे देऊ नका, केक शेवटी काळाच होणार आहे. तीन, दाण्यावर पांढरी साखर फुटलेली असेल तर माल जुना आहे. खायला चालतो, पण भाव पाडून घ्या.

लक्ष्मीपुरीत विचारलं की दुकानदार उलट विचारतो, "हिरवा पायजे का काळा? गोल का लांब?" सांगायचं: काळा जास्त, हिरवा थोडा, लांब-गोल काहीही. काळे बेदाणे ग्रीक करंटच्या जागी वापरायचे, प्रत्येकाचे दोन तुकडे करून. करंटइतके आंबूस ते नसतात, म्हणून भिजवताना मी एका लिंबाचा रस घालते.

खजूर मऊ, बिया काढलेला. खारीक नको, ती भिजवूनही कडकच राहते. अंजीर घातलं तर दोन-तीन, जास्त झालं की केकमध्ये बियांची रेती लागते. पुरंदरचं अंजीर प्रसिद्ध आहे पण ते ताजं खायचं. माळेतलं वाळकं अंजीर बहुतेक अफगाणिस्तानातून आलेलं असतं. जर्दाळू, क्रॅनबेरी वगैरे ऐच्छिक. क्रॅनबेरी अमेरिकेची आणि हल्लीची फॅशन. मी घालत नाही.

आता त्या लाल चेऱ्या. युरोपात खऱ्या चेरी पाकवतात. फ्रान्समधलं आप्त गाव अशा पाकवलेल्या फळांसाठी नावाजलेलं आहे. आपल्याकडं स्वस्तात मिळते ती, पानावर टोचून देतात तीच, बहुतेक वेळा करवंद असते. मला यात फसवणुकीपेक्षा हुशारी दिसते. करवंदात चीक आणि आंबटपणा असतो, पाकात घातल्यावरही ते आकार सोडत नाही, आणि चिरडलेल्या चेरीपेक्षा केकमध्ये उठून दिसतं. फक्त करवंद म्हणून घ्या आणि करवंदाचा भाव द्या. वापरण्याआधी पाक धुऊन टाका, अर्धं करा, कागदावर कोरडं करा. माझ्या पहिल्या केकमधले डाग असेच ओल्या रंगीत तुकड्यांतून उतरले होते. टुटीफ्रुटी आवडत असेल तर बिनरंगी शोधा. पपई आणि काजू दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडं आले, तेव्हा टुटीफ्रुटी परकी म्हणून वगळायची गरज नाही. चवीला काहीच नसते, एवढंच तिच्याविरुद्ध म्हणणं आहे.

दिवाळीनंतर: गूळ, काकवी, करपवलेली साखर

इंग्रजी पाककृतीत मस्कोवाडो साखर आणि ट्रीकल लिहिलेलं असतं. मस्कोवाडो म्हणजे मळी न काढलेली साखर, ट्रीकल म्हणजे साखर करताना उरलेला काळा पाक. हे वाचून कुणी परदेशी डबा मागवत असेल तर त्याला धरून शाहूपुरीत नेलं पाहिजे. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती व्यापारासाठी, आणि गुळानं ती देशभर पोचवली. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

केकला कुठला गूळ? दिसायला देखणा पिवळाजर्द नको. तो रंग बऱ्याचदा पावडर टाकून आणलेला असतो. काळपट तपकिरी, रसायन न घातलेला, किंचित मऊ गूळ घ्या. दिवाळीच्या पुढं-मागं गुऱ्हाळं पेटतात, त्यामुळं नाताळाच्या केकला नवा गूळ मिळतो, हे आपलं नशीब. गुऱ्हाळावर जाणं झालं तर बाटली बरोबर न्या आणि काकवी मागून घ्या. काहिलीतला रस गूळ व्हायच्या थोडं आधी उतरवला की काकवी. गुळव्याला ती वेळ नुसत्या बुडबुड्यांवरून कळते. साखर कारखान्यातली मळी मात्र वेगळी; ती खायची वस्तू नव्हे, डिस्टिलरीत जाते.

काकवी ट्रीकलपेक्षा पातळ आणि गोड, तिच्यात तो करपट कडूपणा नसतो. तो आणायला साखर करपवावी लागते, आणि भारतातल्या बेकऱ्यांच्या प्लम केकचा काळा रंगही याच युक्तीचा. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवा. सोनेरी होईल, मग तांबूस, मग कोऱ्या कॉफीसारखी. धूर दिसायला लागला की आच बंद करून १०० मिलिलिटर कडकडीत पाणी हळूहळू घाला. पाणी गार असेल तर पाक अंगावर उडतो. हात लांब ठेवा आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. हा पाक बाटलीत महिनाभर टिकतो.

मसाला: थोडा, पण ताजा कुटलेला

पाककृतीतला "मिक्स्ड स्पाइस" म्हणजे मुख्यतः दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ आणि ऑलस्पाइस. ऑलस्पाइस जमैकाकडच्या एका झाडाचं वाळकं फळ. त्याला दालचिनी, लवंग आणि जायफळ असा तिन्हींचा वास येतो. त्या तिन्ही आपल्याकडं आहेतच, मग त्याच्यावाचून अडत नाही.

जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. त्यातल्या रन नावाच्या एका चिमुकल्या बेटासाठी इंग्रज आणि डच इतके भांडले, की १६६७ च्या ब्रेडा तहात डचांनी रन स्वतःकडं ठेवलं आणि न्यू अॅम्स्टरडॅमवरचा, म्हणजे आजच्या मॅनहॅटनवरचा हक्क सोडला. आपण बसल्या जागी पुरणात किसतो ते हे. लवंग शेजारच्याच मलुकू बेटांची, नंतर झांजिबारला गेली. आज जायफळ, लवंग, दालचिनी तिन्ही कोकणात नारळी-पोफळीच्या बागांतून लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं जायफळाची कोकण सुगंधा आणि दालचिनीची कोकण तेज अशा जातीही काढल्या आहेत. करूळ घाट उतरून कुणाचं जाणं झालं तर जायफळ टरफलासकट आणायला सांगा.

दालचिनीत एक मेख आहे. बाजारातली जाड, कडक, एकपदरी साल ही बहुधा कॅशिया, चीन-व्हिएतनामकडची. खरी दालचिनी श्रीलंकेची: पातळ, अनेक पदरांची गुंडाळी, हातानं चुरली जाते, वास गोडसर. मटणाच्या मसाल्याला कॅशियाच बरी, केकला दुसरी. प्रमाण असं ठेवा: दालचिनीची पूड एक लहान चमचा, सुंठ पाव चमचा, जायफळ पाव चमचा, लवंगा चार. वेलची घालायचा मोह आवरा, नाहीतर केकला शिऱ्याचा वास येतो. कोल्हापुरी हात मसाल्याला सैल असतो हे मला माहीत आहे, तरीही.

सुकामेवा आणि "खरा केक" म्हणजे काय

बदाम आणि अक्रोड हे परंपरेतले. बदाम आता बहुतेक कॅलिफोर्नियाचे, अक्रोड काश्मीरचे बघून घ्या आणि फोडून चाखा. खवट अक्रोड सगळा केक नासवतो. काजू मूळ इंग्रजी केकमध्ये नाही, पण चंदगड-आजऱ्याचा काजू हाताशी असताना तो न घालणं म्हणजे नदीकाठी राहून तहानलेलं राहणं. तुकडा काजू घ्या, अख्ख्याचे पैसे कशाला.

यावर कुणीतरी म्हणतंच, मग हा खरा फ्रूटकेक कसला? तलश्शेरीची गोष्ट सांगते. केरळातल्या या गावात १८८३ साली एका इंग्रज दालचिनी-मळेवाल्यानं माम्बल्ली बापू या बेकरीवाल्याला विलायतेहून आलेला केक चाखायला दिला आणि तसाच करायला सांगितलं. बापूंनी ब्रँडीच्या जागी कदली केळी आणि काजूच्या बोंडांची गावठी दारू वापरली. साहेब खूश झाला असं सांगतात, आणि भारतातल्या ख्रिसमस केकची सुरुवात तिथून मोजतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला: भिजवण

७ इंची गोल डब्याला एवढी फळं पुरतात: काळे बेदाणे २०० ग्रॅम, हिरवे बेदाणे १००, खजूर १००, पाकवलेली साल ५०, करवंद-चेरी ५०. एकूण ५०० ग्रॅम. चेरी सोडून बाकी सगळं बेदाण्याएवढं चिरा, काचेच्या बरणीत भरा, एका लिंबाचा रस आणि १२० मिलिलिटर रम ओता. रम म्हणजे मळीचीच दारू, तेव्हा तीही उसाची. बरणी रोज एकदा उलटीपालटी करा. चार आठवडे पुष्कळ झाले. "आमची फळं वर्षभर भिजतात" असं सांगणाऱ्यांचे केक मी खाल्ले आहेत, फळांचा नुसता लगदा होतो.

फळं कोरडी गेली तर ती भट्टीत पिठातला ओलावा ओढतात आणि केक भुसभुशीत होतो, भिजवायचं खरं कारण हे. दारू नको असेल तर कडक कोरा चहा किंवा संत्र्याचा रस वापरा, पण तो आदल्या रात्री, आणि बरणी फ्रीजमध्ये. रसात भिजवलेली फळं महिनाभर ठेवली तर आंबतात.

भाजण

लोणी १५० ग्रॅम, किसून चाळलेला गूळ १५०, अंडी ३, मैदा १७५, बदामाची पूड २५, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, काकवी एक मोठा चमचा, करपवलेल्या साखरेचा पाक दोन मोठे चमचे, सुकामेवा ७५ ग्रॅम आणि वरचा मसाला. लोणी घरचं म्हशीचं असेल तर ताक धुऊन काढा आणि चिमूटभर मीठ घाला. विकतचं खारं असेल तर मीठ नको.

लोणी आणि गूळ फेटा. साखरेइतकं ते फुगणार नाही, घाबरू नका. अंडी एकेक करून, प्रत्येकाबरोबर चमचाभर मैदा, नाहीतर मिश्रण फाटतं. मग काकवी, पाक, उरलेला मैदा, मसाला. शेवटी निथळलेली फळं, चेरी, सुकामेवा आणि संत्र्याची किसलेली साल. पीठ चमच्यावरून घरंगळता कामा नये, थापलं जाईल इतकं घट्ट हवं. फळं मैद्यात घोळवली की तळाला जात नाहीत असं सगळे सांगतात. मी घोळवूनही बुडवली आहेत. पीठ घट्ट असेल तरच ती तरंगतात.

डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर लावा. १५० अंशांवर पावणेदोन ते दोन तास. वरून लवकर काळा पडायला लागला तर कागदाची टोपी घाला. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून भाजणारे आहेत, पण दोन तास कोरडा कुकर तापवणं मला बरं वाटत नाही. दिवाळीत आपण नानकटाई भाजायला बेकरीत नेतोच की, तसाच केकचा डबाही न्या. आधी विचारून ठेवा आणि ब्रेड काढून झाल्यावरची, उतरलेली भट्टी मागा. डब्यावर नाव लिहायला विसरू नका. आमचा एकदा दुसऱ्याच्या घरी गेला, आणि त्यांनी तो परत केला नाही.

मध्यभागी घातलेली काडी स्वच्छ निघाली की झाला. डब्यातच पूर्ण गार होऊ द्या, गरम काढाल तर तुटेल.

मुरवण

गार केकला बारीक भोकं पाडून दोन चमचे रम पाजा, बटर पेपरमध्ये गुंडाळा, त्यावर फॉइल. फॉइल थेट लावू नका, फळांच्या आंबटपणानं ती खाल्ली जाते. घट्ट डब्यात, कोरड्या जागी ठेवा आणि आठवड्याला एक चमचा रम. साखर आणि दारू मिळून बुरशीला लागणारं पाणी मोकळं ठेवत नाहीत, म्हणून हा केक टिकतो. चहा-रसाचा केक मात्र आठवड्यात संपवा, तोही फ्रीजमध्ये ठेवून.

रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, आणि आज इथल्या ख्रिस्ती घरांत नाताळ करंज्या-चकल्यांच्या ताटासकट येतो. ज्या काकूंनी मला म्हाळुंग ओळखायला शिकवलं, त्यांच्याकडं केकचा तुकडा बोटाएवढाच कापतात, लांब सुरीनं, सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून. केक थंड असतानाच कापायचा. चुरा उरतो तो मुलांना नाही द्यायचा, त्यात रम असते. तो काकांच्या चहाबरोबर जातो.